शाळेत कुत्रा येणार आणि मुलाने त्याला पुस्तक वाचून दाखवायचं, परवानगी द्यावी का?

प्रश्न असा होता: आम्ही सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलो. मुलगा इयर टूमध्ये, म्हणजे इथल्या दुसरीत आहे. शाळेतून पत्र आलंय की दर गुरुवारी एक पाळीव कुत्रा येणार आणि मुलं त्याला पुस्तक वाचून दाखवणार. मुलगा वाचनात मागे आहे आणि कुत्र्यांना घाबरतो. सही करू का, की हे नुसतं खूळ आहे?

माझाही कुत्रा अशाच एका शाळेत जातो, पण आमचा वार मंगळवार आहे, त्यामुळे तुमच्या पत्रातला कुत्रा आमचा नाही, एवढं आधी सांगून टाकते.

मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात. आमचा वाघ्या, सात वर्षांचा काळा लॅब्रॅडोर, तीन वर्षांपासून इथल्या एका प्राथमिक शाळेत जातो. तिथे त्याला वाघ्या कोणी म्हणत नाही. 'घ्या' पोरांच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा 'वॅगी' झाला. इंग्रजीत त्याचा अर्थ 'शेपूट हलवणारा' असाच होतो, म्हणून मीही सोडून दिलं.

खूळ म्हणाल तर हे बरंच जुनं आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या ग्रंथालयात 1999 साली हा उपक्रम रीतसर सुरू झाला, आणि इथे 'पेट्स ॲज थेरपी' नावाची संस्था शाळांमध्ये कुत्रे पाठवते. ती कुठलाही कुत्रा घेत नाही. कुत्रा निदान नऊ महिन्यांचा हवा आणि मग त्याची परीक्षा होते. वाघ्याच्या वेळी परीक्षक बाईंनी त्याचे कान, पंजे, शेपूट चाचपून पाहिलं, पाठीमागे मुद्दाम धाडकन काहीतरी आपटलं, आणि हातातला खाऊ तो हिसकावतो की अलगद घेतो ते पाहिलं. माझी मात्र शाळेत जाण्याआधी पोलिसी नोंदींची तपासणी झाली. कुत्र्यापेक्षा माझेच कागद जास्त.

आता मुद्द्याचं. कुत्रा वाचायला शिकवत नाही, शिकवतात वर्गातल्या बाईच. कुत्र्यामुळे फक्त इतकंच होतं की दहा मिनिटं कोणीही चूक काढत नाही. हे 'इतकंच' किती मोठं आहे ते आपल्याला पटकन कळत नाही, कारण आपण मराठी वाचायला शिकलो. अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं आली की समोर येईल ते वाचता येतं, अर्थ कळो न कळो. इंग्रजीत 'थ्रू', 'दो' आणि 'टफ' या तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं (ough), आणि उच्चार तीन तऱ्हेचे. सहा-सात वर्षांच्या पोराने याचा तर्क लावायचा कसा? त्यात इथे पहिलीच्या शेवटी, जूनमध्ये, फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून शब्द जुळवून वाचण्याची चाचणी असते: चाळीस शब्द, त्यातले वीस चक्क बनावट, अर्थच नसलेले. तुमचा मुलगा त्यानंतर आला असेल, तर त्याला ती दुसरीत द्यावी लागेल. शिवाय वाचनाच्या पुस्तकांना पातळीप्रमाणे रंग असतात आणि कोण कुठल्या रंगावर आहे हे अख्ख्या वर्गाला पाठ असतं. सगळे जांभळ्या-सोनेरीवर असताना पिवळ्यावर राहिलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा तो पुस्तकाच्या पाठीवरच्या रंगीत पट्टीवर तळहात दाबूनच. वाघ्याजवळ बसला की हात पाठीवर जायचा, पुस्तकाच्या नव्हे, वाघ्याच्या.

माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात चूक झाली. वाचनकोपऱ्यात सतरंजीवर वाघ्या आडवा, पट्टा माझ्या हातात, हाच मुलगा वाचतोय. 'आयलंड' शब्द आला. तो लिहिल्याप्रमाणे 'इस्लंड' म्हणाला. माझ्यातली मराठी आई जागी झाली आणि मी म्हणून गेले, "आयलंड." त्याने पुस्तक मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मी वॅगीला वाचून दाखवतोय." त्या दिवशी पुढे एक अक्षर वाचलं नाही.

तेव्हापासून मी तोंड बंद ठेवते. मूल फारच अडलं तर म्हणते, "वॅगीला हा शब्द कळलेला दिसत नाही, चित्र दाखवतोस का त्याला?" मग मूल पुस्तक त्याच्या नाकासमोर धरतं, मास्तरांच्या थाटात समजावून सांगतं आणि समजावता समजावता स्वतःच शब्द पकडतं. अज्ञानी कोण, तर कुत्रा. वाघ्या बहुतेकदा झोपलेला असतो. झोपला म्हणून एक मुलगी रुसली होती, तिला सांगितलं की गोष्ट आवडली की तो डोळे मिटतो. हे खोटं आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

अभ्यास काय सांगतात म्हणाल, तर 1983 साली अमेरिकेत 38 मुलांवर एक प्रयोग झाला होता. मोठ्याने वाचताना रक्तदाब वाढतो, पण खोलीत कुत्रा असला की तो कमी राहिला. कुत्र्यांपुढे वाचण्यावरच्या 48 अभ्यासांचा आढावा 2016 मध्ये लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला. त्यांच्या मते फायदा दिसतो, पण बहुतेक अभ्यासांचा दर्जा बेताचा. माझा अनुभव त्याच्याशी जुळतो: वाचायला बसायची टाळाटाळ लवकर जाते, वाचन सुधारायला वेळ लागतो. कुत्रा आला म्हणून मुलगा महिन्यात दोन रंग वर जाईल अशी आशा धरू नका.

भीतीबद्दल मात्र नीट विचार करा. पुण्यातल्या मुलाची भीती खोटी नसते. रात्री गल्लीत कुत्र्यांचं टोळकं अंगावर येतं, "पळू नकोस, पळू नकोस" असं आपणच ओरडतो, आणि तिथे रेबीजची धास्ती खरीच आहे. ब्रिटनमधल्या कुत्र्यांतून रेबीज 1922 सालीच हद्दपार झाला, पण हे सात वर्षांच्या पोराला सांगून पोटातला गोळा जात नाही. आमच्याकडे घाबरणाऱ्या मुलाला आम्ही आधी दाराशी बसवतो. तिथूनच वाचायचं. आठवड्याला हातभर पुढे, तेही त्याने स्वतः सरकलं तर. एका मुलीने अख्खी टर्म दारातून वाचलं आणि सुट्टी लागायच्या दिवशी एका बोटाने वाघ्याच्या शेपटीच्या टोकाला शिवून पळाली. "हात लाव, काही करत नाही" असं कोणीही म्हणायचं नाही. हे वाक्य आपल्या नातेवाइकांना फार आवडतं.

म्हणून सही करण्याआधी शाळेला विचारा: एका वेळी मुलं किती, कुत्र्याचा मालक पूर्णवेळ पट्टा धरून असतो का, मुलाला मध्येच उठून जायची मोकळीक आहे का, नंतर हात धुवायला लावतात का. दमा किंवा ॲलर्जी असेल तर ती लेखी कळवा. कुठल्याही जातीच्या कुत्र्याची ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे 'हा केस न गाळणारा आहे' यावर जाऊ नका. नको असेल तर तसं कळवा, कोणी वाईट वाटून घेत नाही. आमच्याही शाळेत काही घरं नाही म्हणतात.

तुमच्या जागी मी असते तर सही केली असती आणि खाली एक ओळ लिहिली असती: "पहिले काही आठवडे लांबूनच बसू द्या."

घरीही एक करून बघा. माझा लेक दर रविवारी साताऱ्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर मराठी पुस्तक वाचून दाखवायचा. आजी प्रेमळ, पण 'ज्ञ' आणि 'क्ष' चुकले की तिसऱ्या शब्दाला अडवणार. शेवटी तो म्हणाला, आजीला नको, वाघ्याला वाचतो. आता आजी कॉलवर असते, पण आवाज म्यूट करून. कुत्रा नसेल तर मऊ खेळणंही चालतं, फक्त आपण खोलीत गप्प बसायचं.

आणि उन्हाळ्यात पुण्याला गेलात की विमानातून उतरायच्या आधी मुलाला बजावून सांगा, की रस्त्यावरच्या कुत्र्याच्या जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, आणि चावला किंवा ओरखडला तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. तसं झालंच तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. माझा लेक मागच्या वर्षी साताऱ्यात पोवई नाक्यावर वडापावच्या गाडीखाली झोपलेल्या कुत्र्याकडे "हॅलो बॉय" म्हणत निघाला होता. मी लेकाची कॉलर धरून त्याला मागे ओढला.