गोल्डनरॉड सगळं सारखंच दिसतं, ओळखायचं कसं?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. सप्टेंबर लागला की रस्त्याच्या कडेने गोल्डनरॉडच्या फुलांनी नुसतं पिवळंधमक होतं, मला तर आपली सोनकीच आठवते. शेजारीण म्हणते यात कितीतरी प्रकार असतात, मला सगळे एकच वाटतात. त्यात ह्यांना याच दिवसांत शिंका सुरू होतात म्हणून ते कुंपणाजवळचं सगळं उपटायला निघालेत. उपटू देऊ का?

उत्तर : आधी मिस्टरांना थांबवा! गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट, ते मधमाशीच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. शिंकांमागे बहुतेक रॅगवीड नावाचं तण असणार, तेही याच वेळी फुलतं पण फुलं हिरवट, कुणाचं लक्षच जात नाही आणि आळ येतो बिचाऱ्या पिवळ्यावर.

आता ओळख. फुलाकडे बघत बसलात तर काही कळणार नाही, पान आणि दांडा बघा. पान उजेडात धरा, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक ठळक शीर लांबवर गेलेली दिसली तर टॉल, कॅनडा नाहीतर जायंट या तीन जातींपैकी एक. मग दांड्यावरून बोट फिरवा, खाली गुळगुळीत आणि फक्त फुलोऱ्यात लव असेल तर जायंट, खालपर्यंत बारीक लव असेल तर टॉल. दांड्यावर सुपारीएवढी गोल गाठ दिसली तर बहुतेक टॉलच, आत एका माशीची अळी मुक्कामाला असते. टॉल आणि कॅनडा यांच्यात जाणकारही भांडतात, तिथे डोकं शिणवू नका. पान सुरकुतलेलं, शिरांची जाळी उठून दिसणारी असेल तर रिंकल-लीफ.

झाड कुठे उगवलंय त्यावरूनही बरंच कळतं. झाडीत सावलीला, पानांच्या बेचक्यात फुलांचे झुबके म्हणजे ब्लू-स्टेम, पण पानं रुंद आणि दांडा वाकडातिकडा असेल तर झिगझॅग. तुमच्याच न्यू जर्सीतल्या केप मे इथे समुद्राकाठी जाडसर, मांसल पानांचं दिसेल ते सीसाइड, त्यावर मोनार्क फुलपाखरं बसतात. माझं लाडकं मात्र स्वीट गोल्डनरॉड, पान चुरगाळलं की चक्क बडीशेपेसारखा वास येतो.

आणि हो, सिल्व्हररॉडची फुलं पांढरी असतात, तरी ते गोल्डनरॉडच, उलट छत्रीसारखं सपाट फुलणारं पिवळं ग्रास-लीव्हड दिसतं तसंच पण हल्ली ते वेगळ्या गटात धरतात.

तुमचं कुठलं ते बघायला पानाचा आणि दांड्याच्या खालच्या भागाचा जवळून फोटो पाठवा, नुसत्या फुलांचा नको.