पालकसभेत स्वतःविषयी सांगावे का?

प्रश्न : मुलाच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाल्यानंतर केलेल्या तपासणीत मीही स्वमग्न असल्याचे निष्पन्न झाले. पालकसभेतला गलका मला असह्य होतो आणि न बोलता निघून गेले की शिक्षक मला शिष्ट समजतात. शाळेला खरे सांगावेसे वाटते. सासूबाई मात्र म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.

उत्तर : सासूबाईंची भीती निराधार नाही, ‘आईच अशी, मग मुलाचे काय’ असे कुजबुजणारे भेटतीलच. तरीही माझे मत सांगण्याच्या बाजूने आहे, फक्त सर्वांना एकदम नव्हे. आधी वर्गशिक्षिकेला लेखी कळवा आणि त्यात निदानापेक्षा गरज ठळकपणे मांडा : सभेचे विषय आदल्या दिवशी मिळावेत, तुमची भेट गर्दी ओसरल्यावर व्हावी आणि महत्त्वाच्या सूचना तोंडी न देता वहीत लिहून द्याव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून, कलम १६ नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणे अपेक्षित आहे. हे कलम विद्यार्थ्यांपुरते आहे. तुमच्यासाठी भेदभावाविरुद्धच्या कलम ३ चा आधार आहे. (पहिल्याच पत्रात मात्र कलमे घालू नका, समोरचा माणूस ऐकण्याऐवजी सावध होतो.)

मुलाला हे शाळेच्या आधी, तुमच्याच तोंडून कळावे. ‘मलाही मिक्सरचा आवाज सहन होत नाही’ इतक्या साध्या वाक्याने सुरुवात करता येईल.