अनोळखी फाइल आणि अँटिव्हायरस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे डीटीपीचे दुकान आहे. दोन संगणक, दोन्हींवर विंडोज ११. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लागतात. शिवाय लग्नपत्रिकेसाठी फॉन्ट, क्लिपआर्ट मिळेल त्या साइटवरून उतरवावे लागतात. विंडोजसोबतचा डिफेंडर पुरेल की विकतचा अँटिव्हायरस घ्यावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानात नेट कायम चालू असेल तर डिफेंडर पुरतो, पण तीन-चार सेटिंग बदलल्यावर. नेटची अट उगाच घातलेली नाही. नवी फाइल दिसली की डिफेंडर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून ठरवतो. नेट बंद असेल तर तो संगणकावर आधी उतरलेल्या माहितीवरच चालतो आणि त्याची पकड सैल पडते. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था अँटिव्हायरसच्या चाचण्या घेते आणि ऑफलाइन व ऑनलाइन पकडीचे आकडे वेगवेगळे देते. निवड करताना ते दोन रकाने शेजारी ठेवून पाहा. नेट वारंवार जात असेल, किंवा पेन ड्राइव्ह लावताक्षणी तपासणी हवी असेल, तर पुण्याच्या क्विक हीलसारखा विकतचा अँटिव्हायरस घेण्यात अर्थ आहे. डिफेंडर पेन ड्राइव्ह आपणहून पूर्ण तपासत नाही. फाइल उघडताना त्या फाइलपुरता पाहतो. म्हणून ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ ही सवय हवीच.

आता सेटिंग. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ गाठा आणि ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करा. फुकट फॉन्टच्या साइटवरून येणारा कचरा बहुतेक याच जातीचा असतो. मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडरची सेटिंग परस्पर बदलू न देणारी सोय) चालू आहे ना ते बघा. त्याच पानावर तळाशी रॅन्समवेअरखाली (म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आहे. अनोळखी प्रोग्रॅमला तो फोल्डरमध्ये फेरफार करू देत नाही. तो चालू करून गिऱ्हाइकांच्या कामाचे फोल्डर त्यात घाला. यानंतर डिझाइनचे एखादे जुने सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करायला नकार देईल. बिघाड झाला असे समजून ही सोय बंद करू नका; ‘अलाऊ ॲन ॲप’मधून तेवढ्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. शेवटी ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडा. तिथे तुम्ही न घातलेली नोंद, विशेषतः अख्खा सी ड्राइव्ह, दिसली तर कुठल्या तरी इन्स्टॉलरने डिफेंडरच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आहे. ती नोंद काढा आणि पूर्ण स्कॅन लावा.

पेन ड्राइव्हची आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. नेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज ‘ही बाहेरून आली’ अशी खूण लावते. याच खुणेमुळे उघडताना इशारा येतो आणि वर्डमधले मॅक्रो (फाइलच्या आतले छोटे प्रोग्रॅम) अडवले जातात. ही खूण एनटीएफएस फॉरमॅटच्या डिस्कवरच टिकते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाने नेटवरून उतरवून आणलेली फाइल तुमच्याकडे खूण पुसूनच येते आणि कुठलाही इशारा देत नाही. झिप सोडवतानाही हेच होऊ शकते. सेव्हन-झिप वापरत असाल तर टूल्स, ऑप्शन्समध्ये ‘प्रोपगेट झोन आयडी’ला ‘येस’ करा. ही सोय २२.०० आवृत्तीपासून आहे. या खुणेला बगल देणारा एक दोष २४.०९ मध्ये दुरुस्त झाला. झिप सोडवणाऱ्या विनरार या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला एक गंभीर दोष ७.१३ मध्ये बुजवला. दोन्ही सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होत नाहीत, म्हणून आवृत्ती आजच बघा.

फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, आकाराने काही केबी ते काही एमबी. फॉन्ट म्हणून ईएक्सई (प्रोग्रॅम चालवणारी फाइल) उतरली तर न उघडता पुसा. व्ह्यू, शो मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक केल्याशिवाय हे दिसणार नाही, नाहीतर ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ तुम्हाला ‘पत्रिका.पीडीएफ’ म्हणूनच दिसेल. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि व्यावसायिक छपाईलाही चालतात. पत्रिकेचे बरेचसे काम त्यांवर निभते.

प्रश्न : एका सॉफ्टवेअरचा क्रॅक (विकतचे सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारी फाइल) उतरवला. सोबतच्या सूचनेत ‘अँटिव्हायरस बंद करा, तो खोटा इशारा देतो’ असे आहे. व्हायरसटोटलवर (एक फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देणारी साइट) सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी तिघांनीच धोका दाखवला. चालवू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नका. खोटा इशारा असतो हे खरे. क्रॅकला पुष्कळ इंजिने ‘हॅकटूल’ किंवा ‘रिस्कवेअर’ म्हणतात. पण क्रॅक बनवणाऱ्याला याच सबबीचा आधार असतो, कारण तुम्ही स्वतः दार उघडून देता. आकड्यापेक्षा नावे वाचा. तिघांपैकी एकानेही ‘स्टीलर’, ‘रेडलाइन’, ‘लुमा’ असे नाव दिले असेल तर ती फाइल ब्राउझरमधले पासवर्ड उचलायला आलेली आहे. फाइल व्हायरसटोटलवर पहिल्यांदा कधी आली तेही पाहा. काही तासांपूर्वी आलेल्या फाइलला शून्य इशारे असले तरी त्याला किंमत नाही. दोन दिवसांनी ‘रीॲनालाइझ’ दाबून पुन्हा बघा.

दोन युक्त्या ओळखून ठेवा. झिपला पासवर्ड असतो आणि तो शेजारीच लिहिलेला असतो, बहुधा १२३४. हा पासवर्ड गुप्ततेसाठी नसतो. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही, एवढ्याचसाठी तो असतो. दुसरी युक्ती : पाच एमबीची झिप सोडवली की सातशे एमबीची ईएक्सई बाहेर पडते. आत नुसती शून्ये भरलेली असतात, म्हणून ती इतकी दाबली जाते. व्हायरसटोटल ६५० एमबीपर्यंतचीच फाइल घेते आणि कित्येक स्कॅनर मोठ्या फाइल सोडून देतात.

आणि व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना मिळते, म्हणून गिऱ्हाइकाचे आधार, सातबारा तिथे टाकू नका. फाइलवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपच्या ‘सीआरसी एसएचए’मधून एसएचए-२५६ (फाइलच्या ठशासारखा आकडा) काढा आणि फक्त तो आकडा तिथे शोधा. फाइल ओळखीची असेल तर अहवाल तेवढ्यावरच मिळतो.

प्रश्न : दोन अँटिव्हायरस टाकले तर दुप्पट संरक्षण मिळेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, संगणक मंदावतो आणि एकाने बाजूला काढलेली फाइल दुसरा धोका म्हणून दाखवतो. विकतचा टाकला की डिफेंडर आपोआप मागे सरतो, तसेच राहू द्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण म्हणून एपीके (अँड्रॉइड ॲप टाकणारी फाइल) आली आणि वडिलांनी ती टाकली. फोनसाठी कुठला अँटिव्हायरस घ्यावा? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अँटिव्हायरस नंतर. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. मग सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ या दोन्ही ठिकाणांहून त्या ॲपचा ताबा काढा, तेव्हाच ते अनइन्स्टॉल होईल. त्याला चिन्ह नसेल तर ॲपच्या पूर्ण यादीत शोधा. एअरप्लेन मोड काढल्यावर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग (कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणे) रद्द करा.

निमंत्रण, चलन, बँकेची केवायसी हे कधीही एपीके म्हणून येत नाही. ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’मध्ये व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोघांचीही परवानगी काढा आणि प्ले स्टोअरमधला, ॲप तपासणारा प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. वडिलांच्या फोनला एवढे पुरते. वेगळा अँटिव्हायरस हवाच असेल तर तो प्ले स्टोअरवरूनच घ्या.

प्रश्न : संशयास्पद ईएक्सई चालवून झाली. डिफेंडरने नंतर ती पकडली. आता सगळे ठीक ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तसे धरून चालू नका. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम मिनिटभरात काम उरकतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसतो. त्याने ब्राउझरमधल्या कुकीही (तुमचे लॉगिन चालू ठेवणाऱ्या नोंदी) नेलेल्या असतात, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि ‘सगळीकडून साइन आउट’ करा. मग बँक, मग बाकीची खाती. त्या संगणकाचे नेट तोडून ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, संगणक रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटे घेतो. त्यात काही सापडले, किंवा संगणकावर बँकेचे काम चालत असेल, तर विंडोज नव्याने टाका. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह स्वच्छ संगणकावरच तयार करा आणि बॅकअपमधून फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइल तेवढ्या परत आणा. जुना एकही इन्स्टॉलर नको.