कुंडीतला चाफा आणि गोठवणारी थंडी

प्रश्न : माझ्याकडे मोठ्या कुंडीत पुरुषभर उंचीचा चाफा (देवचाफा, म्हणजे प्लुमेरिया) आहे. आमच्याकडे हिवाळ्यात काही रात्री दव गोठते. गेल्या वर्षी थंडी पडताच पाने पिवळी होऊन गळाली, म्हणून मी पाणी वाढवले आणि खतही घातले; पण दोन फांद्यांचे शेंडे काळे पडले आणि त्यांवर फुलेच आली नाहीत. यंदा काय करावे?

उत्तर : पानगळ हा रोग नव्हता. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे हे चाफ्याचे मूळ स्थान. तेथील कोरड्या ऋतूत तो पाने टाकून विश्रांती घेतो आणि आपल्या झाडाने थंडीत तेच केले. पाने नसलेले झाड पाणी जवळजवळ ओढत नाही, त्याच्या मांसल फांद्यांत साठा असतोच. त्यामुळे आपण घातलेले पाणी गार मातीत तसेच साचून राहते आणि मुळे कुजू लागतात. थंडीपेक्षाही थंडीतल्या ओल्या मातीने कुंडीतले चाफे अधिक दगावतात, असे माझे ठाम मत आहे.

शेंडे मात्र बहुधा गारठ्याने गेले असावेत. फांदीचे टोक सर्वांत कोवळे आणि पाणीदार असते, आणि चाफ्याचा फुलोरा त्या टोकातूनच निघतो. म्हणून शेंडा गेला की त्या फांदीचा बहरही गेला.

यंदा थंडीच्या दोन महिने आधीच खत थांबवावे, म्हणजे ऐन गारठ्यात कोवळी फूट येणार नाही. रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागले की कुंडी आत, कोरड्या जागी घ्यावी. पाने गळून गेली असतील तर उजेड नसला तरी चालते. पाणी बंद ठेवावे. फांद्यांवर ठळक सुरकुत्या पडल्या तरच महिन्यातून एकदा कपभर द्यावे. सुरकुतलेली पण दाबल्यावर टणक लागणारी फांदी केवळ तहानलेली असते. बोट रुतले तर ती कुजली आहे असे समजावे. तशी फांदी स्वच्छ धारदार सुरीने, आतला भाग पांढरा दिसून ताजा चीक येईपर्यंत मागे कापत जावे. त्या चिकाने त्वचेची आग होऊ शकते, तेव्हा हातमोजे घालावेत. कुंडी हलवणे अशक्यच असेल, तर पाने गळाल्यावर झाड उपटून, मुळांची माती झाडून, मुळे वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवण्याची पद्धतही रूढ आहे.

दव गोठण्याचा धोका पूर्ण टळल्यावर झाड बाहेर काढावे, पण आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मगच उन्हात न्यावे, नाहीतर खोडाची साल भाजते. टोकांना पाने फुटू लागली की पाणी हळूहळू वाढवावे, खत त्यानंतर.

काळ्या शेंड्यांखालून आता बाजूचे फुटवे निघतील. ते जून होईपर्यंत त्या फांद्यांवर फुलांची अपेक्षा धरू नये. शाबूत शेंड्यांवर मात्र याच हंगामात बहर येऊ शकतो.