विक्षिप्त म्हणजे वेडा नव्हे

प्रश्न: ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’च्या एका परीक्षणात त्यातल्या दादासाहेब फाळक्यांना ‘विक्षिप्त’ म्हटलं आहे. हा त्यांचा अपमान नाही का? आणि अशा तऱ्हेवाईक विनोदी सिनेमातून प्रेक्षकाने नेमका कोणता संदेश घ्यायचा?

उत्तर: अपमान मुळीच नाही. तसं वाटायला लागलं ते बातम्यांमुळे. ‘विक्षिप्त तरुणाची एसटीवर दगडफेक’ असले मथळे हल्ली नेहमी दिसतात. हा हिंदीतला विक्षिप्त. तिकडे डोक्यावर परिणाम झालेल्याला तो शब्द लावतात. मराठीत त्यासाठी ‘मनोरुग्ण’ आहे, ‘भ्रमिष्ट’ आहे. ‘विक्षिप्त’ आपण राखून ठेवला तो भर मे महिन्यात मफलर गुंडाळून फिरणाऱ्या, पण हिशेबात पै चुकू न देणाऱ्या काकांसाठी. हिंदी बातमीची मराठी करणाऱ्यांनी कृपा करून या काकांच्या हातात दगड देऊ नयेत.

धातू ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे. आक्षेप, संक्षेप, पोथीत मागाहून घुसलेला प्रक्षिप्त श्लोक, सगळी एकाच घरची मंडळी. सिनेमा पडद्यावर फेकणारा प्रक्षेपकही त्यांचाच भाऊबंद. हे कुठल्याही कोशात सापडेल, तेव्हा पुढे जाऊ.

खरी गंमत पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आहे, तीही अगदी पहिल्याच सूत्रावर. चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, तिथे सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. क्रम नीट पाहा. विक्षिप्त हा मूढाच्या वरच्या पायरीवर आणि एकाग्राच्या अगदी शेजारी! वाचस्पतिमिश्रांनी त्यावर टीका लिहिताना ‘क्षिप्ताद् विशिष्टं विक्षिप्तम्’ अशी फोड केली. म्हणजे नुसत्या भरकटलेल्यापेक्षा काहीतरी जास्त असलेला. जास्त काय? तर ‘कादाचित्कः स्थेमा’. एरवी चंचल, पण अधूनमधून असा स्थिर होतो की हलता हलत नाही. मफलरवाल्या काकांचं याहून नेमकं वर्णन मला तरी कुठे मिळालेलं नाही.

यावर शास्त्रीबुवा लगेच उठतात. ‘वि’ म्हणजे इथे ‘इतस्ततः’, वाचस्पतींची फोड ही टीकाकाराची ओढाताण, आणि पतंजलींनी स्वतः व्याधी-संशय-आलस्यादी नऊ चित्तविक्षेप अडथळे म्हणूनच मोजले आहेत, वगैरे. मोजले आहेत, मान्य. पण तो शब्द ‘विक्षेप’, आणि आपण बोलतोय ‘विक्षिप्त’ चित्ताबद्दल. त्या चित्तात समाधी असते, फक्त विक्षेपाच्या हाताखाली राबते, असं भाष्यकारच म्हणतात. तिला योगात धरू नका म्हणतात, तेही खरं. पण आपल्याला काकांना योगी ठरवायचंच नाहीये. ‘वि’चा एकच अर्थ सगळीकडे ठोकत सुटणाऱ्यांनी विज्ञान, विशुद्ध आणि विख्यात यांतलं काय काय इतस्ततः विखुरलंय तेही एकदा सांगावं.

आता फाळके. हा माणूस घरातलं सामान विकतो, विम्याची पॉलिसी गहाण टाकतो, सिनेमा शिकायला 1912 मध्ये लंडन गाठतो. शेजारीपाजारी कपाळावर हात मारतात. आणि हाच माणूस कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर रोज कॅमेऱ्याने त्याचं चित्र टिपत बसतो, जेणेकरून मिनिटभराच्या फिल्मवर कोंब फुटून वेल वाढताना दिसावा. भांडवल देणाऱ्याला दाखवायला तेवढंच हाताशी होतं. कादाचित्कः स्थेमा म्हणतात तो हा. परीक्षण लिहिणाऱ्याच्या मनात वाचस्पतिमिश्र नसणार, पण शब्द अचूक पडलाय.

हां, संदेश. परेश मोकाशींच्या त्या 2009 च्या सिनेमातून मी म्हणाल तो संदेश काढून देतो: जिद्द, पत्नीची साथ, स्वदेशी उद्योग. निबंधाला पुरेल. पण थिएटरबाहेर पडणारे लोक हे बोलत नव्हते. ते बोलत होते मिशीबद्दल. बाईचं काम करायला मिशी काढायची म्हटल्यावर बाप्ये कसे अडून बसतात, आणि ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना कसं व्हावं लागतं, याबद्दल. सिनेमात काम करतो म्हणायची लाज, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असं सांगायचं, हेही लोक एकमेकांना सांगत होते. संदेश म्हणजे मुळात निरोप, आणि निरोपाला धाडणारा लागतो. इथे कुणी काही धाडलेलं नाही. प्रेक्षक आपापल्या आवडीचं उचलतात, बहुतेक वेळा हसू आलं होतं तेवढंच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जाता जाता, प्रश्नात तुम्ही ‘तऱ्हेवाईक’ लिहिलंत हे फार बरं केलंत. ‘तऱ्हा’ अरबीतून फारसीमार्गे आली आणि ‘नातेवाईक’मधला ‘वाईक’ जोडून इथलीच झाली. सिनेमाला तो शब्द लावा, माणसाला ‘विक्षिप्त’. ‘अतरंगी’ मात्र माझ्यासमोर नको.