गाडीच्या रंगासाठी पॉलिश आणि पॅड

प्रश्न : माझ्या काळ्या गाडीवर उन्हात बारीक गोलाकार ओरखडे दिसतात. घरीच पॉलिश करण्यासाठी कोणते पॅड घ्यावे?

उत्तर : असे ओरखडे बहुधा रंगावरील पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरकोटमध्ये असतात, आणि पॉलिश हा थर किंचित झिजवूनच ते घालवते; म्हणून गाडी धुऊन, रंगाला चिकटलेले कण क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, काढल्यावर, मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश आधी एका लहान भागावर वापरून पाहावे. तेवढ्याने भागले नाही, तरच मध्यम पॅड घ्यावे. लोकरीचे पॅड आणि जाड कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त खरवडणारी पेस्ट) नवशिक्याने टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅडच्या रंगांचे संकेत कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे वेष्टनावरील माहिती वाचूनच निवड करावी. पॉलिश करण्याचे यंत्र ड्युअल ॲक्शन प्रकारचे, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरवतानाच लहान वर्तुळात हलवणारे असावे, कारण त्यात एकाच जागी उष्णता साठण्याचा धोका कमी असतो.