एडीएचडीच्या गोळीमुळे सांधे कमजोर होतात का?

तुम्ही विचारलंय: वय २९, गेल्या वर्षापासून एडीएचडीसाठी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं कठीण जातं ती अवस्था) मिथाइलफेनिडेट ही गोळी चालू, तेव्हापासून बॅडमिंटन खेळताना घोटा मुरगळला आणि आता खांदा धरलाय, गोळी बंद करू का?

गोळी स्वतःहून बंद करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळणाऱ्यांचे घोटे, गुडघे, खांदे हेच माझं रोजचं काम. ही गोळी लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) किंवा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कमजोर करते असा पुरावा नाही. औषधामुळे टेंडनला खरंच इजा होते तेव्हा ते लपत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या अँटिबायोटिक्सचंच उदाहरण बघा. त्यांनी टाचेमागचा टेंडन सुजतो, कधी तुटतोसुद्धा, म्हणून २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मिथाइलफेनिडेटच्या माहितीपत्रकात सांधेदुखीचा उल्लेख आहे, पण सांधा दुखणं आणि सांधा मुरगळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उलट, डेन्मार्कमधल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१५ साली आला, त्यात एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये औषधोपचारानंतर दुखापती बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. लक्ष थाऱ्यावर असलं की पाऊलही नीट पडतं.

मग तुमचा घोटा का मुरगळला? मी आधी तुमचे सांधे सैल आहेत का ते बघेन. २०२२ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात एडीएचडी, ऑटिझम किंवा टुरेट (नकळत झटके येण्याचा विकार) असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांचे सांधे सैल निघाले. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण साधारण पाचात एक असतं. घरीच करून बघा. मनगट वाकवून अंगठा मनगट ते कोपर या भागाच्या आतल्या बाजूला टेकतो का? करंगळी मागे काटकोनाच्या पलीकडे जाते का? कोपर आणि गुडघा सरळ केल्यावर उलट्या बाजूला झुकतात का? गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का? पहिल्या चार गोष्टी दोन्ही बाजूंना धरून नऊपैकी पाच किंवा जास्त गुण झाले, तर सांधे सैल आहेत असं आम्ही धरतो. अशी माणसं मला बऱ्याचदा उभं राहण्यावरूनच कळतात: गुडघे मागे ढकलून, सगळा भार लिगामेंटवर टाकून उभी असतात. एका पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं की घोटा थरथरायला लागतो. हा सैलपणा सहसा जन्मापासूनचा असतो, गोळीचा त्यात काही हात नाही.

गोळीचा हात दुसरीकडे असू शकतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००८ सालच्या एका प्रयोगात सायकलपटूंना मिथाइलफेनिडेट देऊन ३० अंश तापमानात सायकल चालवायला लावली. ते जास्त वेगाने गेले, शरीराचं तापमान जास्त चढलं, पण दमणूक मात्र नेहमीइतकीच जाणवली. थांबायचा इशारा उशिरा येतो तो असा. आता तुमची संध्याकाळ बघा. सकाळच्या गोळीने भूक मेलेली, दुपारचा डबा अर्धा परत, सहा वाजता चहा-बिस्किटावर थेट कोर्टवर. शटल वाऱ्याने हलू नये म्हणून हॉलच्या खिडक्या आणि पंखे बंद. तिसऱ्या गेमला पाय जड झालेत हे तुम्हाला कळतच नसेल, आणि घोटे नेमके तेव्हाच मुरगळतात. खेळायच्या दोन तास आधी भूक नसली तरी घड्याळ बघून पोळीभाजी खा, गेम मोजून थांबा. गोळीने झोप उडत असेल तर वेळ बदलण्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, कारण अपुऱ्या झोपेचा दुखापतींशी संबंध तरुण खेळाडूंमध्ये दिसलेला आहे. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का, तेही त्यांना सांगा. या गोळ्यांवर काहीजण दात आवळतात आणि कानापुढचा सांधा दुखायला लागतो. स्पर्धा खेळत असाल तर हे औषध स्पर्धेच्या काळात उत्तेजक म्हणून बंदी असलेलं आहे, त्यासाठी वैद्यकीय सूट आधी मागावी लागते.

खांद्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि त्यांना ही गोळी चालू असल्याचं सांगा. माझ्याकडे येणारे लोक ‘चालू औषधे’ या रकान्यात थायरॉइड, बीपी सगळं लिहितात आणि ही एकच गोळी गाळतात, लोक काय म्हणतील म्हणून. यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि लपवणं धोक्याचं आहे. दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल या गोळीबरोबर तुम्हाला द्यायचं का, हे त्यांना विचार करून ठरवावं लागेल. खांद्याची शस्त्रक्रिया ठरलीच, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत हवं: भुलेच्या काही वायूंबरोबर रक्तदाब एकदम चढू शकतो, म्हणून त्या दिवशीची गोळी सहसा घ्यायची नसते. ते कधी आणि कसं, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.